बांधावरचा ससा आणि ताटातला रस्सा



ज्वारीची काढणी सुरू झाली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात एक देखावा हमखास दिसतो. बायामाणसं पाती धरून पुढं सरकत असतात. चारी बाजूंनी वावर मोकळं होत जातं आणि मधोमध ज्वारीचा लहानसा तुकडा तेवढा उभा राहतो. एकाएकी त्यात काहीतरी सळसळतं, आणि कान मागं टाकून ससा सुटतो. "धर, धर!" अशी एकच आरोळी उठते. पोरं काम टाकून धावतात, कुत्री त्यांच्याही पुढं, ढेकळांचा नुसता पाऊस. दहात नऊ वेळा ससा बांध ओलांडून निघून जातो. दहाव्या वेळेला मात्र निघत नाही, आणि त्या रात्री कुणाच्या तरी चुलीवर येसराचा रस्सा रटरटतो.

आता खरं सांगायचं तर हा रस्सा माझ्याही घरी शिजलेला आहे आणि मी तो मिटक्या मारीत खाल्लेला आहे. तेव्हा आज मी काही कीर्तनकाराच्या जागी उभा राहून तुम्हांला दोष देणार नाही. पण या विषयावर घरात, पोराबाळांसमोर, एकदा सरळ बोलणं झालं पाहिजे असं मला वाटू लागलं आहे. का वाटू लागलं, तेही पुढं सांगतो.

बहात्तरचा रस्सा

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आमचं गाव बालाघाटच्या उताराला. त्या साली विहिरींनी तळ दाखवला होता, जनावरं बाजारात कवडीमोलानं जात होती आणि घरातली सगळी धडधाकट माणसं खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर जात होती. खायला मिलो ज्वारी आणि पोरांना सुकडी. ज्यांनी तो काळ काढला त्यांना या दोन शब्दांतच सगळं आठवेल.

माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, सांजच्याला माळावर फास लावून यायचे. आठवड्यातून एखादे दिवशी ससा मिळायचा, कधी तितर. आमच्याकडचा ससा असून असून दीड-दोन किलोचा, तितराचं वजन पावशेराच्या जरा वर. घरात खाणारी तोंडं चौदा. मग एवढ्याशा मटणात चौदा पानं कशी व्हायची? तिथं येसर कामाला यायचा. भाजलेलं धान्य आणि डाळ दळून केलेलं ते पीठ रश्श्याला असा दाटपणा आणतं की फोड नसली तरी भाकरी खाली उतरते. आपल्या भागातल्या रश्श्याला येसर का लागतो, हे मला चवीवरून नाही, त्या सालच्या भुकेवरून कळलं.

सशाच्या मटणाला चरबी नसते. घाईनं शिजवलं की ते दोरीसारखं होतं. म्हणून आई मीठ-हळद लावून ते घटकाभर तसंच ठेवायची, मातीच्या भांड्यात मंद जाळावर चढवायची आणि वर झाकणात पाणी ठेवायची. तितर मात्र आबा स्वतः सोलून, मीठ लावून निखाऱ्यावर भाजायचे. वास साऱ्या आळीत जायचा. आम्ही पोरं चुलीभोवती बसून राहायचो.

एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही, फार वर्षांनी आठवली. फोडी आधी पुरुषांना, मग पोरांना. आईच्या आणि चुलतीच्या पानात नुसता रस्सा असायचा. "मला काय आवडत नाही बाबा ते," असं आई म्हणायची. आम्हांला ते खरं वाटायचं.

तर मंडळी, भुकेपोटी जे झालं त्याला मी आज नावं ठेवणार नाही. पण त्या वेळचं कारण पुढं करून आज बत्ती घेऊन मोटारसायकलीवर ससे मारणं, हे काही त्यात बसत नाही.

पालावरचा गुरू

आमच्या गावाबाहेर वर्षातून दोनदा पारध्यांची पालं पडायची. त्यांतले एक वयस्क गृहस्थ आमच्या दारी तितर घेऊन यायचे आणि बदल्यात पायलीभर ज्वारी न्यायचे. त्यांच्यामागं हिंडून मी जे शिकलो ते शाळेत शिकलो नाही.

ससा बीळ करत नाही. गवतात अंगापुरती बैठक करून तो दिवसभर तिथंच दबून राहतो, आणि अगदी पायाशी माणूस येईपर्यंत हलत नाही. त्याचा माग बघितला तर मागच्या पायांचे ठसे पुढं आणि पुढच्या पायांचे मागं उमटलेले असतात. सशाची पिल्लं जन्मतानाच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन येतात. तितराची मादी गवताच्या आडोशाला जमिनीवरच खळगी करून अंडी घालते. हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्यातली काही माणसं गाय किंवा बैल शिकवून ठेवायची आणि त्याच्या आडोशानं चालत पाखरांच्या जवळ जाऊन फास मांडायची. म्हणूनच त्यांना फासेपारधी म्हणतात.

त्यांचा एक नेम होता. फाशात अंड्यावरची मादी सापडली तर ते तिला सोडून देत. आबांनी एकदा विचारलं, "अहो, हाताशी आलेलं सोडता कसं?" तर म्हणाले, "मालक, बियाणं खाऊन पेरणी व्हती का?" शेतकऱ्याला यापेक्षा वेगळं समजवावं लागत नाही.

कायदा नेमका काय आहे

पुष्कळांना वाटतं की वाघ-बिबट्या मारला तर गुन्हा, सशा-तितराला कोण विचारतो. हा मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा नीट सांगतो.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला. त्या मूळ कायद्यात लहान शिकारीसाठी परवान्याची सोय होती. ससे, तितर, लावे हे त्या लहान शिकारीच्या यादीत होते. म्हणजे परवाना काढून, ठरलेल्या मोसमात त्यांची शिकार करता येत असे. 1991 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही परवान्याची वाटच बंद झाली. तेव्हापासून छंदासाठी किंवा खाण्यासाठी शिकार ही गोष्ट कायद्यात उरलेलीच नाही. पुढं 2022 साली आणखी एक दुरुस्ती झाली. ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तिनं याद्यांची फेरमांडणी केली आणि दंडाची रक्कम वाढवली.

मोर, घोरपड, काळवीट, चिंकारा ही पहिल्या यादीतली. त्यांच्या शिकारीला कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, आणि निदान 25 हजार रुपये दंड. ससा, तितर यांसारख्या इतर संरक्षित प्राणी-पक्ष्यांबाबत 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि शिकार म्हणजे नुसतं गोळी घालणं नव्हे. फास लावणं, जाळ्यात धरणं, हाका घालून हुसकावणं, आमिष ठेवणं, विष घालणं, हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारच. रानपाखरांची अंडी काढणं, घरटं मोडणं हेही त्यातच आलं. ते मटण विकत घेणं आणि घरात ठेवणं हाही गुन्हा. "मी मारलं नाही, मी फक्त खाल्लं" ही सबब चालत नाही.

घोरपडीबद्दल दोन शब्द जास्तीचे सांगतो. गुडघेदुखीवर तिचं तेल, कमजोरीवर तिचं मटण, आणि घरात लक्ष्मी यावी म्हणून बाजारात मिळणारी 'हत्ताजोडी'. ही हत्ताजोडी झाडाची मुळी आहे असं सांगून विकतात. प्रत्यक्षात तो घोरपडीच्या नराचा वाळवलेला अवयव असतो. म्हणजे देव्हाऱ्यात ठेवून आपण काय पुजतो ते बघा, आणि वर 3 ते 7 वर्षांच्या कैदेची तयारी करतो. गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांकडं जा. घोरपडीला शेतात राहू द्या; ती उंदीर खाते.

आठ तितर

आता हा लेख का लिहायला घेतला ते सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या एका सोयऱ्याच्या घरी जावळाचा कार्यक्रम होता. बोकडं पडली होती, पंगती उठत होत्या. पण चार मोठे पाहुणे येणार म्हणून यजमानांनी जवळच्या पालावरच्या एका तरण्या पोराला सांगून आठ तितर मागवले होते. मागच्या सोप्यात वेगळी बैठक बसली. मलाही तिथं मानानं बसवलं. तितर उत्तम शिजले होते. बहात्तर सालानंतर इतक्या वर्षांनी तीच चव जिभेवर आली. मी दोनदा मागून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात तो पोरगा आणखी कुणाच्या तरी मागणीवरून पाखरं घेऊन जाताना रस्त्यावर सापडला. जवळ फास, पिशवीत जिवंत तितर. गुन्हा नोंदला गेला. विचारपूस आमच्या सोयऱ्यांपर्यंत आली तेव्हा त्यांनी सांगितलं, "असल्या लोकांशी आमचा काय संबंध? आम्ही तर ओळखत पण नाही." पोरगा आत गेला, जामिनावर सुटला, मग तारखांमागून तारखा. तारखेच्या दिवशी मजुरी बुडायची, एस.टी.चं भाडं वेगळं, वकिलाचे पैसे त्याहून वेगळे.

त्याची आई मला एकदा आठवडी बाजारात भेटली. भांडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "मालक, फास त्याचा व्हता. पर ताट तर तुमचं व्हतं न्हवं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी जामिनाला उभा राहिलो नव्हतो. सोयऱ्यांना दोन शब्द सुनावलेही नव्हते. नात्यात वाईटपणा नको म्हणून गप्प बसलो होतो. ही गोष्ट मी आजवर लिहिली नाही. आज लिहितो आहे.

या लोकांचा इतिहास आपल्याला ठाऊक असला पाहिजे. 1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याखाली पुढं पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. आपल्या शेजारी सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर 1952 साली तो कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का गेला, पण लोकांच्या मनातला गेला नाही. जमीन नाही, शिकारीची विद्या तेवढी पिढीजात हातात, आणि तीही कायद्यानं बंद. मग ती विद्या कशावर चालते? तर तुमच्या-माझ्यासारख्यांच्या 'वेगळ्या बैठकी'वर. मागणारा सुटतो आणि आणून देणारा सापडतो.

हीच विद्या सरळ कामालाही लावता येते. अकोला-वाशिमकडच्या काही फासेपारधी मंडळींनी गवताळ माळ आणि त्यावरची तणमोरासारखी पाखरं राखायचं काम अंगावर घेतलं. माग काढण्यात त्यांचा हात कोण धरणार? आपल्या गावातही रात्रीची राखण, शेळ्या वळणं, बागेची देखभाल अशी कामं देता येतात. पोरांच्या शाळेला आणि दाखल्यांना हातभार लावता येतो. निदान एवढं तरी करता येतं, की पाहुणे आले म्हणून कुणाला तितर मागू नये.

फासाला डोळे नसतात

दुसरी गोष्ट फासांची आणि तारांची. येडशीजवळ रामलिंग घाटाचं अभयारण्य आहे, 1997 साली जाहीर झालेलं, सुमारे 22 चौरस किलोमीटरचं. रामलिंगाच्या दर्शनाला तुम्ही गेलाच असाल. डिसेंबर 2024 मध्ये तिथं वनखात्याच्या कॅमेऱ्यात चक्क पट्टेवाला वाघ आला. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चारशे-साडेचारशे किलोमीटर चालत आलेला. विचार करा, एवढ्या वाटेत त्यानं किती गावांची शिवारं ओलांडली असतील! त्यात कुणी डुकरासाठी लावलेला एक फास पुरला असता.

वाघाचं राहू द्या, माणसाचं बघू. रानडुकरांच्या त्रासापायी काहीजण बांधावरच्या तारेत विजेचा उघडा प्रवाह सोडतात. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, वासरामागं गेलेलं पोर किंवा स्वतः तार लावणाराच तिला चिकटतो. दर वर्षी अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. गुळात किंवा कणकेत गुंडाळलेला गावठी बॉम्ब हा तसलाच प्रकार. डुकराऐवजी गाय तोंड घालते आणि तिचा जबडा फाटतो. डोळ्यांदेखत तडफडणारी गाय बघण्यापेक्षा अर्धा एकर भुईमूग गेलेला परवडला.

तिसरा प्रकार विषाचा. कीटकनाशकात भिजवलेली ज्वारी टाकून तितर, लावे, होले मारायचे आणि तेच शिजवून खायचे, असं करणारे महाभाग आहेत. शिजवलं म्हणून कीटकनाशक मरत नाही. ते पाखराच्या आतड्यातून तुमच्या लेकराच्या पोटात जातं. मेलेलं किंवा झिंगलेलं पाखरू शेतात सापडलं तर ते कधीही घरी आणू नका, कुत्र्या-मांजरालाही घालू नका. आणि पेरणीच्या वेळी औषध लावलेलं बी सांडलं तर मातीआड करा. मोर आणि तितर त्यानंच मरतात.

नासाडीचं काय?

"तुम्ही कायदा सांगता, पण डुकरं रातोरात भुईमूग उकरतात त्याचं काय?" असा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. पोटाला चिमटा बसणाऱ्याला नुसती दया शिकवून भागत नाही. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

वन्य प्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी 3 दिवसांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं. सकाळी नुकसान दिसलं की आधी मोबाईलवर फोटो काढा, ठसे मोडू नका. सात-बारा आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवा आणि पंचनामा होईपर्यंत पाठपुरावा करा. वनखात्याचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक 1926 आहे. तो घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पिकाला किंवा माणसाला फारच धोका असेल तर त्या जनावराचा बंदोबस्त करण्याची परवानगी देण्याचा अधिकार कायद्यानं वनाधिकाऱ्यांना दिलेला आहे. ग्रामपंचायतीमार्फत लेखी अर्ज करा. अंगावर धावून आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा होत नाही, हेही माहीत असू द्या. मात्र लगेच कळवा, लपवू नका.

सौर कुंपण आणि उघडी विजेची तार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सौर कुंपणात क्षणभराचा झटका बसतो आणि जनावर मागं फिरतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी अनुदानाची योजना आहे. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनपालांना विचारा.

आणि ससा-तितर यांना डुकराच्या पंक्तीला बसवू नका. ससा कोवळी पानं कुरतडतो हे खरं, पण तितर दाण्यांबरोबर वाळवी, नाकतोडे, किडे टिपतो. ती मजुरी तो मागत नाही. शिवाय आपल्या माळावर अजून लांडगा आहे. त्याच्या वाटणीचे ससे आपण खाल्ले तर तो कुठं जाणार? आपल्या शेळ्यांकडंच ना? उस्मानाबादी शेळी म्हणून देशभर नावाजलेली आपल्याच जिल्ह्याची जात, जुळी करडं देणारी, गरिबाची बँक. तिचं राखण रानातला ससाही करतो, असं मी म्हणतो ते काही उगीच नाही.

माळढोकाची गोष्ट डोळ्यांसमोर आहे. शेजारी नान्नजला 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. एके काळी या पट्ट्यातल्या माळांवर हे सुमारे मीटरभर उंचीचं पाखरू चालताना दिसायचं. माळ नांगरले गेले, शिकार झाली, आणि आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. आमच्या नातवंडांना तो चित्रात दाखवावा लागतो. तितराचं तसं होऊ नये.

तीच चव, सरळ वाटेनं

"मग त्या रश्श्याची चव कायमची गेली म्हणायची का?" माझ्या घरच्या मंडळींनी याचं उत्तर शोधलं आहे. बहात्तर सालच्या रश्श्यातली निम्मी चव सशाची होती, निम्मी येसराची आणि मंद जाळाची. गावरान कोंबडा त्याच वाटेनं केला तर जुनी माणसंही मान डोलावतात.

येसरासाठी ज्वारी, बाजरी आणि गहू प्रत्येकी एक वाटी आणि हरभऱ्याची डाळ एक वाटी घ्या. वेगवेगळं खमंग भाजा. त्यात अर्धी वाटी धने, पाव वाटी सुकं खोबरं, चमचाभर जिरं, चार लवंगा, आठ-दहा मिरे, दालचिनीचा तुकडा आणि थोडं दगडफूल तेलावर परतून घाला. सगळं गार झाल्यावर दळून कोरड्या डब्यात ठेवा. दोन-तीन महिने टिकतं.

किलोभर गावरान कोंबड्याच्या फोडींना मीठ, हळद, आलं-लसूण लावून घटकाभर ठेवा. दोन कांदे आणि खोबऱ्याची अर्धी वाटी निखाऱ्यावर काळपट भाजून पाट्यावर वाटा. पातेल्यात तेल तापवून त्यात वाटण परता, दोन चमचे काळं तिखट घाला, फोडी घाला आणि झाकणात पाणी ठेवून मंद जाळावर शिजू द्या. गावरान कोंबडा वेळ घेतो, घाई करू नका. फोड मऊ झाली की झाकणातलं गरम पाणी घाला. मग तीन चमचे येसर गार पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता, रश्श्यात सोडा आणि चांगली उकळी आणा. येसर गरम रश्श्यात कोरडा टाकू नका, गोळे होतात. सोबत ज्वारीची कडक भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी.

लहान पाखराची हौस असेल तर पाळीव जपानी लावा मिळतो. हा रानातला लावा नव्हे. 1974 साली तो आपल्या देशात बाहेरून आणला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत त्याच्यावर काम झालं. अंड्यातून सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं, पाच आठवड्यांत ते विक्रीला तयार होतं आणि सहा-सात आठवड्यांची मादी अंड्यावर येते. थोड्या जागेत बचत गटाच्या बायका हा जोडधंदा करू शकतात. मात्र विकत घेताना तो पाळलेलाच आहे ना, हे विचारून घ्या. पिशवीतून चोरून दाखवलेलं पाखरू पाळीव नसतं.

आणि माताभगिनींनो, एक सूचना खास तुम्हांला. फोडी वाढताना स्वतःच्या पानात आधी दोन ठेवा. "मला आवडत नाही" हे वाक्य आता पुरे.

काढणीला जाताना

शेवटी दोन कामं सांगतो, पैसा न लागणारी.

ज्वारी काढताना चहूबाजूंनी आत जाऊ नका. एका कडेनं सुरुवात करा आणि बांधाच्या, गवताच्या दिशेनं सरकत जा. मग आतल्या सशाला आणि तितराला निघून जायला वाट राहते आणि ते कोंडले जात नाहीत. तसंच उन्हाळ्यात बांध पेटवू नका. एप्रिलपासून पुढं तितराची अंडी त्याच गवतात असतात. गवत काढायचंच असेल तर विळ्यानं काढा, आणि घरटं दिसलं तर तेवढा भाग सोडा.

मागच्या सुगीत आमच्या वावरात आम्ही असंच केलं. शेवटच्या पातीला ससा निघाला. कुत्रं साखळीला होतं. माझा नातू ढेकूळ उचलून उभा राहिला आणि माझ्याकडं बघू लागला. मी काही बोललो नाही. त्यानं ढेकूळ खाली टाकलं आणि ससा बांधापलीकडं गेला.

रात्री घरी कोंबडा होता. जेवताना नातू म्हणाला, "आजोबा, तो ससा आता कुठं असंल हो?" मी म्हटलं, "आपल्याच शिवारात. जातोय कुठं?"

तुमच्या शिवारात अजून तितर ओरडतो का? सकाळी कान देऊन ऐका, आणि ऐकू आला तर पोरांना उठवून ऐकवा.

बरं तर, पुन्हा भेटूच. रामराम!